एमआरआय पाहून दिलेला आतला शेक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या बायका बोलताना दोनच प्रकार सांगतात: बाहेरचा शेक आणि आतला शेक. बाहेरचा शेक म्हणजे टेबलावर झोपवून यंत्राने ओटीपोटावर रोज थोडी थोडी दिली जाणारी किरणांची मात्रा. आतला शेक म्हणजे भूल देऊन गर्भाशयात नळी बसवायची, त्या नळीतून किरणोत्सर्गी स्रोत गाठीच्या अगदी जवळ न्यायचा आणि काही मिनिटांत मोठी मात्रा द्यायची; डॉक्टर याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. बाहेरच्या शेकाविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. आतल्या शेकाविषयी बायका एकमेकींशी हळू आवाजात बोलतात, घरच्यांशी तेवढेही बोलत नाहीत, आणि त्यामुळे जी येते ती घाबरूनच येते. मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. माझे सगळे उपचार कोल्हापुरातच झाले आणि आतल्या शेकाचे नियोजन नळी बसवलेल्या अवस्थेतच एमआरआय काढून करण्यात आले. काय होते, कशासाठी होते आणि त्या वेळी अंगाला व मनाला काय वाटते, हे मोकळेपणाने लिहिलेले मला उपचारांआधी कुठे वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

पाळी जाऊन काही वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले आणि मी दवाखाना गाठला. आतून तपासणी, तुकड्याची तपासणी आणि पहिला एमआरआय एवढ्यावर निदान झाले. रोग गर्भाशयमुखापुरता राहिला नव्हता, डाव्या बाजूच्या आधार देणाऱ्या ऊतींत शिरला होता, पण ओटीपोटाच्या हाडाच्या भिंतीपर्यंत पोहोचला नव्हता. या अवस्थेला टप्पा २ ब म्हणतात. गर्भाशयाची पिशवी काढून टाकली की झाले, अशी घरातल्या सर्वांची समजूत होती. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले की रोग बाजूला सरकलेला असताना शस्त्रक्रियेपेक्षा किरणोपचार आणि केमो एकत्र देणे हाच मान्य मार्ग आहे आणि त्यात आतला शेक हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. हे सारे साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागते, कारण उपचार लांबला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला अवसर मिळतो. खर्चाची काळजी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे पुष्कळ हलकी झाली. रुग्णालयातील आरोग्यमित्राने कागदपत्रे आमच्याकडून चिकाटीने पुरी करून घेतली.

बाहेरच्या शेकाबद्दल फार लिहीत नाही. साधारणपणे ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एवढी मात्रा २५ भागांत विभागून, आठवड्यातून पाच दिवस देतात आणि आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध शिरेतून चढवतात. मळमळ, जुलाब, थकवा हे ठरलेलेच. तिसऱ्या आठवड्यानंतर रक्तस्राव थांबला आणि सगळ्यांना हायसे वाटले.

धोका नेमका इथेच असतो, असे मी म्हणेन. माझ्याबरोबर भुदरगडकडच्या एक मावशी शेकाला येत असत. रक्त थांबल्यावर त्यांच्या मुलाने तिथल्या सिस्टरना विचारले, "रक्त थांबलंय न्हवं, आता आणि आतला शेक कशाला?" मावशींच्याही मनात तेच होते, कारण घरी ऊसतोड चालू झाली होती आणि रोजच्या येण्याजाण्याने सगळे टेकीला आले होते. सिस्टरनी त्या दोघांना बसवून घेतले. बाहेरच्या शेकाने गाठ आकसते, पण ती मुळापासून संपवायला जेवढी मात्रा लागते तेवढी बाहेरून दिली तर वाटेतली आतडी आणि लघवीची पिशवी ती सोसू शकत नाहीत. म्हणून शेवटची मोठी मात्रा आतूनच द्यावी लागते, असे त्यांनी अगदी सोप्या भाषेत सांगितले. बाहेरूनच आणखी शेक दिला तर तेच साधत नाही. मावशी थांबल्या. ज्या घरी परततात त्यांच्याविषयी मला मनापासून वाईट वाटते, कारण अर्ध्यावर सोडलेला हा उपचार बहुधा पुन्हा जोडता येत नाही.

बाहेरचा शेक संपत आला तेव्हा पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टरांनी पहिले आणि आताचे चित्र शेजारी शेजारी लावून दाखवले. ज्याला टी-२ पद्धतीचे चित्र म्हणतात त्यात गर्भाशयमुखाचा निरोगी स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो आणि गाठ करड्या रंगाची. पहिल्या चित्रात ते काळे कडे जवळजवळ पुसलेले होते आणि करडा भाग डावीकडे पसरला होता. दुसऱ्या चित्रात उजवीकडचे कडे पुन्हा स्पष्ट दिसू लागले होते. डावीकडे मात्र करड्या रंगाची एक पट्टी उरली होती. सीटी स्कॅनमध्ये हा फरक कळत नाही, तिथे गाठ आणि गर्भाशयमुख दोन्ही एकसारख्याच राखी रंगाचे दिसतात. त्या पट्टीवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "बाई, नुसती नळी आणि तिच्याभोवतीचे साधनाचे कडे बसवले तर इथपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचणार नाही. या बाजूला दोन-तीन सुया घालाव्या लागतील." सुयांचे नाव ऐकून पोटात गोळा आला हे खरे, पण कुठे आणि का हे डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे नको म्हणावेसे वाटले नाही.

पूर्वी हा शेक एक्स-रेवर आखत असत. एक्स-रेत नळी दिसते, हाडे दिसतात, पण गाठ दिसत नाही. म्हणून १९३८ मध्ये मँचेस्टर पद्धतीत 'बिंदू अ' ठरवला गेला: नळीच्या आधाराने २ सेंटिमीटर वर आणि २ सेंटिमीटर बाजूला. गाठ लहान असो की मोठी, मात्रा त्याच बिंदूवर मोजायची. त्या पद्धतीनेही असंख्य बायका बऱ्या झाल्या, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जिची गाठ त्या बिंदूच्या पलीकडे पसरली आहे तिला मात्रा कमी पडायची आणि जिची गाठ आकसून लहान झाली आहे तिच्या आतड्यांना विनाकारण जास्त लागायची. २००५ आणि २००६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने एमआरआयवर गाठीची हद्द कशी आखायची याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. २००८ मध्ये एम्ब्रेस नावाचा अनेक देशांतील रुग्णालयांचा अभ्यास सुरू झाला, ज्यात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचाही सहभाग होता. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: एमआरआयच्या आधारे आतला शेक घेतलेल्या १३४१ स्त्रियांमध्ये पाच वर्षांनंतर मूळ जागेवरचा रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण ९२ टक्के होते. हा आकडा मी वहीत लिहून घेतला होता.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी हलके जेवण, रात्री पोट साफ होण्याचे औषध आणि सकाळी एनिमा. माझी नणंद सोबतीला राहिली होती. एमआरआयसाठी अंगावर कसलाही धातू चालत नाही, म्हणून बांगड्या, मंगळसूत्र, चमकी, जोडवी, केसातले आकडे सगळे काढावे लागले. शरीरात पेसमेकर, तांबी किंवा हाडात बसवलेली पट्टी आहे का, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा विचारले. त्या विचारण्याचा कंटाळा करू नये. माझ्या आधीच्या बाईंची जोडवी बोटात रुतून बसली होती आणि ती काढायला त्यांचे मन धजत नव्हते. सिस्टरनी साबणाचा फेस लावून ती हळुवार सोडवली, बाहेर उभ्या असलेल्या यजमानांच्या हातात दिली आणि "संध्याकाळी तुम्हीच घाला परत," असे सांगितले. त्या बाई मान हलवून आत गेल्या.

शस्त्रक्रियागृहात पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. मी जागी होते. पाय वर बांधले, लघवीची नळी घातली. मग गर्भाशयाची खोली मोजून त्यात मधली नळी सरकवली, तिच्याभोवती गर्भाशयमुखाला टेकेल असे कडे बसवले आणि कड्याच्या डाव्या बाजूच्या भोकांतून सुया पुढे नेल्या. दुखले नाही, ओढल्यासारखे आणि दाबल्यासारखे तेवढे कळले. यानंतरचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. योनीमार्गात ओल्या गॉजची लांब पट्टी घडी घालून नीट भरतात. त्याने साधन हलत नाही, आणि पुढची लघवीची पिशवी व मागचे गुदाशय स्रोतापासून जरा दूर ढकलले जातात. बिंदूसारख्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता पाव होते, हा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला होता. या उपचाराचे सारे बळ त्या एका नियमात आहे: गाठीला भरपूर आणि दोन सेंटिमीटर पलीकडच्या अवयवाला पुष्कळच कमी. पण त्यामुळेच साधन चार मिलिमीटर सरकले तरी हिशोब बिघडतो. डॉक्टर ते गॉज इतक्या सावकाश का भरत होते, याचे उत्तर मला त्या नियमात मिळाले.

तिथून एमआरआयच्या खोलीपर्यंतचा प्रवास हा सगळ्या दिवसातला नाजूक भाग होता. चौघांनी चादरीसकट मला सपाट उचलले. गुडघे दुमडायचे नाहीत, कंबर उचलायची नाही, कुशीवर वळायचे नाही. साधी लोखंडी स्ट्रेचर त्या खोलीत नेता येत नाही, चुंबक ती खेचून घेईल, म्हणून दारातच दुसऱ्या ट्रॉलीवर सरकवले. माझ्या आत बसवलेले साधन पोलादाचे नव्हते; प्लास्टिक आणि कार्बन तंतूंचे होते आणि सुया चुंबक खेचत नाही अशा टायटॅनियमच्या. आतडी हलून चित्र पुसट होऊ नये म्हणून एक इंजेक्शन दिले. लघवीच्या पिशवीत ठरावीक मापाचे सलाईन भरून नळी बंद केली, म्हणजे चित्र काढताना पिशवी जेवढी भरलेली आहे तेवढीच शेक देतानाही भरता येते. मग कानात बोळे आणि त्यावर हेडफोन. तरीही यंत्राचा आवाज गुऱ्हाळाच्या इंजिनाशेजारी उभे राहिल्यासारखा ऐकू येत होता. हातात दाबायचा फुगा दिला होता, तो मी घट्ट धरला पण दाबावा लागला नाही. मी मनात पाढे म्हटले. श्वास शांत ठेवणे एवढेच आपल्या हातात असते आणि तेवढे केले तरी चित्र चांगले येते.

खरी परीक्षा त्यानंतरची. चित्र आले की लगेच शेक होत नाही. डॉक्टर संगणकावर चित्राच्या प्रत्येक थरावर उरलेली गाठ, गर्भाशयमुख, लघवीची पिशवी, गुदाशय, आतड्याचा वळणाचा भाग या सर्वांच्या कडा हाताने आखतात. मग फिजिसिस्ट नळी, कडे आणि प्रत्येक सुई चित्रात नेमकी कुठे आहे हे ओळखून, स्रोताने कोणत्या जागी किती सेकंद थांबायचे याचा हिशोब बसवतात. याला दोन-तीन तास लागतात आणि तेवढा वेळ आपण सरळ पाठीवर. भूल उतरत जाते तसे ओटीपोटात बोथट दुखू लागते, पण सगळ्यात जास्त दुखते ती कंबर. दुखणे वाढण्याआधीच सिस्टरना सांगावे, सोसत पडू नये. शिरेतून दिलेल्या औषधाने मला चांगला आराम पडला. नणंदेने ओला कापूस ओठांना लावत, पोटऱ्या चोळत सारा वेळ काढला. "वहिनी, डोळे मिटा, मी हाय इथंच," असे ती मधून मधून म्हणत राहिली. हे तास कशात जात आहेत हे रुग्णाला आधी सांगितले, तर ते निम्म्याने हलके होतात, असे माझे ठाम मत आहे. माझ्या रुग्णालयात ते सांगितले गेले. दुसरीकडे उपचार घेतलेल्या एका ओळखीच्या बाईंना कोणीच काही सांगितले नव्हते, आणि यंत्र बिघडले असावे या धास्तीत त्यांनी दुपार काढली.

नियोजन झाल्यावर फिजिसिस्टनी माझ्या विनंतीवरून पडद्यावरचे चित्र मला दाखवले. गाठीच्या सीमेभोवती मात्रेची रेषा होती. उजवीकडे ती आत वळलेली आणि डावीकडे सुयांच्या दिशेने बाहेर फुगलेली, जिथे ती करडी पट्टी होती अगदी तिथे. मी त्यांना माझ्या मनातला हिशोब विचारला: बाहेरून ४५ आणि आतून चार वेळा ७ म्हणजे २८, बेरीज ७३ होते, मग कागदावर ८५ ग्रेचे लक्ष्य कसे? ते म्हणाले, "मॅडम, नुसती बेरीज करून चालत नाही. एका वेळी दिलेली मात्रा मोठी असली की तिचा पेशींवरचा परिणाम जास्त होतो. गाठीच्या बाबतीत ७ ग्रेची एक खेप नेहमीच्या दोन-दोन ग्रेच्या हिशोबाने सुमारे १० ग्रेएवढी भरते." म्हणजे चार खेपांचे चाळीसच्या जवळपास, आणि बाहेरचे धरून ८४ च्या आसपास, नीट आखले तर गाठीला त्याहून थोडे अधिक देता येते. हाच परिणाम गुदाशय आणि पिशवीच्या बाबतीत आणखी तीव्र होतो, म्हणून त्या अवयवांच्या सर्वाधिक मात्रा लागणाऱ्या २ घन सेंटिमीटर भागाचा वेगळा हिशोब ठेवतात आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाहीत. गाठ आणि गुदाशय यांच्यात जेमतेम बोटभर जागा असताना दोघांना वेगळी वागणूक देता येते, ती केवळ दोन्ही स्पष्ट दिसतात म्हणून.

प्रत्यक्ष शेक सर्वांत सोपा. जाड भिंतींच्या खोलीत यंत्रापासून निघालेल्या नळ्या माझ्या साधनाला जोडल्या, सगळे बाहेर गेले, जड दार बंद झाले. कॅमेऱ्यातून ते मला पाहत होते आणि स्पीकरवर बोलत होते. आधी किरणोत्सर्ग नसलेली तार प्रत्येक नळीत जाऊन वाट मोकळी असल्याची खात्री करते, मग खरा स्रोत निघतो: काही मिलिमीटर लांबीचा इरिडियम-१९२ चा दाणा, तारेच्या टोकाला जोडलेला. तो एकेका जागी काही सेकंद थांबत पुढे सरकतो. काहीही जाणवत नाही, उष्णतासुद्धा नाही. पंधरा मिनिटांच्या आसपास सगळे आटोपले, दार उघडण्याआधी आणि नंतर मोजयंत्राने खोली तपासली, आणि सुया, गॉज, नळी या क्रमाने साधन काढले. गॉज काढताना क्षणभर कळ येते. थोडे रक्त आले, ते दाब देऊन थांबले.

पुढच्या खेपा आठवड्याच्या अंतराने झाल्या. प्रत्येक वेळी एमआरआय झाला नाही. पहिल्या वेळचा एमआरआय समोर ठेवून पुढच्या वेळी सीटीवर नियोजन केले गेले. एमआरआयचे यंत्र सगळ्या विभागांना लागते, त्यामुळे आपल्याकडे अनेक ठिकाणी हीच पद्धत आहे, आणि निदान पहिल्या वेळी तरी नळी आत असताना एमआरआय मिळाला तर पुढचे सीटीचे चित्र डॉक्टरांना पुष्कळ नीट वाचता येते. प्रत्येक स्त्रीने उपचार सुरू होतानाच याबद्दल विचारावे, असे मला वाटते. पण जिथे एमआरआय नाही तिथे आतला शेकच घेऊ नये, असा अर्थ कोणी कृपया काढू नये. एमआरआयने हा शेक अधिक नेमका होतो. बरे करतो तो शेक. दुसऱ्या वेळी यंत्र आधीपेक्षा किंचित जास्त वेळ चालले, तेव्हा नणंद घाबरली. इरिडियमची तीव्रता सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे आठवड्यात साधारण ६ टक्क्यांनी उतरते, आणि तेवढी भरपाई वेळ वाढवून करतात, हे मी तिला समजावून सांगितले. सुमारे तीन महिन्यांनी स्रोत बदलला जातो.

घरी आल्यावर नातवाला जवळ घ्यायचे की नाही यावरून कुजबुज झाली. साधन काढल्यावर अंगात किरणोत्सर्ग अजिबात उरत नाही. त्याच संध्याकाळी मुलाला मांडीवर घ्यायला हरकत नसते. हे डॉक्टरांनी घरच्यांसमोर स्पष्ट सांगितले म्हणून बरे झाले, नाहीतर न शिवण्याचे नियम बायकांच्या वाट्याला लगेच येतात.

काही आठवडे लघवीला जळजळ आणि वरचेवर शौचाला जावे लागणे चालू होते; ताक, मऊ भात आणि भरपूर पाणी यांवर ते निभावले. योनीमार्ग आकसून चिकटू नये म्हणून डायलेटर नावाचे साधन कसे आणि किती वेळा वापरायचे हे सिस्टरनी पडदा ओढून, वेळ देऊन शिकवले. वय झाले, आता कशाला, असे म्हणून अनेकजणी हे सोडून देतात. पण मार्ग चिकटला तर पुढची तपासणीच नीट करता येत नाही आणि रोग परतला का हे पाहण्याची वाट बंद होते. तीन महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये काळे कडे पूर्ण गोल दिसले. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे आहे.

उपचार संपताना मिळालेला मात्रांचा कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे आणि त्याची एक प्रत मुलीकडे दिली आहे. त्यावर गाठीला, पिशवीला आणि गुदाशयाला मिळालेल्या एकूण मात्रा लिहिलेल्या असतात. पुढे कधी, वर्षांनंतरही, शौचावाटे किंवा लघवीतून रक्त आले तर कुठल्याही डॉक्टरांना तो कागद आधी दाखवायचा, कारण शेक लागलेल्या गुदाशयाचा तुकडा विचार न करता तपासणीला घेतला तर ती जखम भरून न येण्याचा धोका असतो. तो कागद मिळाला नसेल तर मागून घ्यावा.